जत्रेची शिरगणती

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी कोणतेही वृत्तपत्र उघडावे. पंढरीत किती लाख वैष्णवांचा मेळा भरला, हे ठळक अक्षरांत छापलेले असते. कोणी दहा लाख म्हणतो, कोणी पंधरा. हा आकडा कोणी, कोठे उभे राहून आणि कोणत्या रीतीने काढला, असा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. भक्तीच्या प्रांतात हिशेब कशाला, असा आपला एक भाबडा समज आहे. परंतु त्याच आकड्यावर पाण्याचे टँकर, फिरती शौचालये, एस.टी.च्या जादा गाड्या आणि दवाखान्यातील खाटा ठरतात. तेथे तो प्रांत भक्तीचा राहत नाही, सार्वजनिक खर्चाचा होतो.

थोडे अंकगणित करून पाहू. अमेरिकेतील बर्कले येथे पत्रकारिता शिकविणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांनी १९६७ च्या सुमारास जमाव मोजण्याची एक साधी रीत सांगितली. सैल गर्दीत माणशी दहा चौरस फूट जागा लागते, दाट गर्दीत साडेचार. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. म्हणजे सैल गर्दीत एकरी सुमारे ४,३५० माणसे मावतात, दाट गर्दीत सुमारे ९,७००. या हिशेबाने दहा लाख माणसे एका वेळी उभी करावयाची तर दाटीवाटीनेही शंभरांहून अधिक एकर मोकळी जागा हवी, आणि जरा हातपाय हलवू द्यावयाचे तर दोनशे तीस. चंद्रभागेचे वाळवंट, प्रदक्षिणेचा मार्ग, मठ, धर्मशाळा आणि गोपाळपूरकडे गेलेली दर्शनबारी यांचे क्षेत्रफळ नकाशावरून काढणे अशक्य नाही. दर्शनाच्या नोंदीवरूनही यात्रेची संख्या कळत नाही. पदस्पर्शदर्शनाला माणशी दोनच सेकंद धरले आणि मंदिर अष्टौप्रहर उघडे ठेवले, तरी दिवसाला ४३,२०० जणच विठ्ठलाच्या पायांशी पोहोचतात. उरलेले कळसाला हात जोडून परततात. यात्रा त्यांचीही असतेच.

संख्येपेक्षा अवघड काम पाहणीचे. आलेले लोक कोण, कोठून आले, किती दिवस राहिले, किती खर्च केला, कशाची अडचण सोसली, हे त्यांनाच विचारून काढावयाचे असते. १९६१ च्या जनगणनेने महाराष्ट्रातील जत्रा-उत्सवांचा एक स्वतंत्र ग्रंथच सिद्ध केला. गावोगावच्या देवतांची आणि यात्रांची अशी नोंद पुढे क्वचितच झाली. पण त्या ग्रंथात जत्रा आहेत, जत्रेकरू नाहीत. इरावती कर्वे यांनी वारीत चालून ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकाच दिंडीत जातीपरत्वे पंगती वेगळ्या बसत, हे त्यांच्या नजरेने टिपले. कोणत्याही प्रश्नावलीला ते साधले नसते. मात्र ते एका दिंडीचे चित्र होते. साऱ्या दिंड्यांचे काय, हे सांगावयाला नमुना-पाहणीच हवी.

आणि येथेच आपण हमखास चुकतो. हाती कागद दिलेला विद्यार्थी जत्रेत ज्याच्याशी बोलणे सोपे त्याच्याशी बोलतो: शर्ट-पँटमधला, लिहितावाचता येणारा, आपल्याच वयाचा. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चाललेली साठीची बाई त्याच्या हातून सुटते. पहाटेच्या अंधारात आडोसा शोधण्याचा प्रसंग तर तिच्यावरच येतो. ‘निर्मल वारी’च्या उपक्रमाने फिरती शौचालये आली हे स्वागतार्हच; परंतु कोणत्या मुक्कामी स्त्रिया किती आणि कोणत्या वयाच्या, हे ठाऊक नसेल तर ती कोठे व किती उभारावीत हे अंदाजानेच ठरणार.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. समजा, एका जत्रेत शंभर माणसे एक तास थांबली आणि शंभर माणसे पाच तास. थांबण्याची खरी सरासरी तीन तास. पण आपण मैदानात फिरून भेटेल त्याला विचारू लागलो, तर पाच तास थांबणारा आपल्याला पाचपट वेळा भेटणार, आणि आपली सरासरी सव्वाचार तासांच्या पुढे जाणार. जो जास्त थांबतो तो जास्त खर्च करतो. म्हणजे खर्चाचा आकडाही तितकाच फुगतो. उपाय आहे, तोही सोपा: किती वेळ थांबलात हे प्रत्येकाला विचारावे आणि त्या प्रमाणात उत्तराचे वजन कमी करावे, किंवा पाहणी परतीच्या वाटेवर करावी. उत्सवांच्या ‘कोट्यवधींच्या उलाढाली’चे जे आकडे आपल्यापुढे टाकले जातात, त्यांत एवढी काळजी घेतल्याचे मला तरी आढळलेले नाही. शिवाय उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे. मूर्तिकाराने शाडू विकत घेतली, मूर्ती व्यापाऱ्याला विकली, व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला विकली. या तिन्ही रकमांची बेरीज केली की एकच शाडू तीनदा मोजली जाते. साहित्य संमेलनातील ग्रंथविक्रीचीही तीच कथा. संमेलनात घेतलेले पुस्तक वाचकाने एरवी गावातल्या दुकानातून घेतलेच असते की नाही, हे विचारल्याखेरीज संमेलनाने विक्री वाढविली असे म्हणता येणार नाही.

वारीच्या बाबतीत तर रुपयांत विचारलेला प्रश्नच अपुरा ठरतो. वारकरी दिंडीची भिशी भरतो, थोडा शिधा घरून आणतो, आणि वाटेवरची गावे त्याला जेवू घालतात. त्याच्या खिशातून गेलेली रक्कम लहान असते. पण वारीचा खरा खर्च ज्यांच्या चुली पहाटेपासून पेटलेल्या असतात, त्या घरांवर पडतो. ती माणसे वारीत नसतात म्हणून कोणत्याही पाहणीत येत नाहीत. केवळ चालणाऱ्याला विचारून अन्नदानाचा हिशेब लागणार नाही. सासवडच्या आणि फलटणच्या घरांत जाऊनच तो लागेल.

गंमत अशी की नमुना-पाहणीला वारीइतका सोयीचा समुदाय दुसरा सापडावयाचा नाही. माउलींच्या पालखीबरोबरच्या दिंड्यांना क्रमांक आहेत, रथापुढच्या आणि रथामागच्या अशी त्यांची विभागणी आहे, प्रत्येकीचा विणेकरी ठरलेला आहे. दर दहावी दिंडी घ्यावी आणि तिच्यातील दर विसाव्या माणसाला विचारावे. शास्त्राला आणखी काय हवे? महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या पाहणीत एकाच क्षेत्रात दोन स्वतंत्र तुकड्या पाठविण्याची युक्ती वापरली होती. दोघींच्या उत्तरांत जितकी तफावत, तितका आकडा कच्चा. येथेही तसेच करता येईल. मोजणी मात्र एका ठिकाणी करून भागणार नाही. पुण्यापासून दिवे घाटापर्यंत हौसेने चालणारे शहरवासी माळशिरसला नसतात, आणि वाखरीला भेटणारे कित्येकजण आदल्या दिवशीच येऊन मिळालेले असतात.

हे केवळ अभ्यासकांचे कुतूहल नव्हे. २००३ साली नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. २००५ च्या जानेवारीत मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत सुमारे तीनशे. कोणत्या घटकेला, कोणत्या वाटेने, किती माणसे येतात याची मोजणी हा अशा दुर्घटनांवरचा एकमेव उपाय नाही. पण ती नसताना केलेला बंदोबस्त हा आंधळ्याने धरलेला पहारा असतो. २०२७ मध्ये गोदाकाठी पर्वण्यांना पुन्हा जनसागर लोटणार हे गृहीत धरून मोठा खर्च योजिला जातो. त्यातील अल्पसा अंश पाहणीसाठी राखून ठेवावा, आणि आकड्याबरोबर तो काढण्याची रीत व चुकीची मर्यादाही छापावी, एवढी मागणी अवाजवी ठरू नये.

पालखीमार्गावरील महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकविणारे प्राध्यापकही आहेत. प्रश्नावली एका पानाची असावी, प्रश्न आठ-दहाच असावेत, आणि ती चालता चालता भरता आली पाहिजे. कारण वारकरी उत्तरे देईल, परंतु आपल्यासाठी थांबणार नाही. शाईचे पेन नको. आषाढाचा पाऊस असतो. शिसपेन्सिल बरी.