‘बायकांची मतं’ म्हणजे नेमकं काय? स्त्री-पुरुष मतदानावरचे संशोधन आपल्याला काय सांगते

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. विहारात वंदना झाल्यावर नेहमीप्रमाणे राजकारणावर चर्चा रंगली. एक तरुण कार्यकर्ता तावातावाने म्हणाला, "बायकांनी पंधराशे रुपयांत मत विकलं, विषय संपला." मागे बसलेल्या, घरकाम करणाऱ्या एक ताई शांतपणे म्हणाल्या, "दादा, मी कुणाला दिलं ते तुला कसं कळलं?"

कुणाकडेच उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते. पण हा प्रश्न समाजशास्त्रात आणि राज्यशास्त्रात गेली सत्तर वर्षे अभ्यासला जातो आहे. ‘बायकांची मतं’ हा शब्द आपण सहज वापरतो, म्हणून या अभ्यासातून काय हाती लागले ते कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

किती जणींनी मत दिले आणि कुणाला दिले

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मतदान केंद्रावर किती पुरुष आणि किती स्त्रिया आल्या याची नोंद होते. त्यामुळे महिलांच्या मतदानाची टक्केवारी निवडणूक आयोगाकडून मिळते. मत कुणाला पडले हे मात्र मशीन स्त्री-पुरुष वेगळे करून सांगत नाही. ते समजून घेण्याचा मार्ग म्हणजे मतदानानंतर घरोघरी जाऊन केलेली सर्वेक्षणे. लोकनीती-सीएसडीएससारख्या संस्था नमुना मतपत्रिका देऊन, ती घडी करून पेटीत टाकायला सांगतात. तरीही सासू, नवरा, दीर शेजारी उभे असताना बाईने दिलेले उत्तर किती मोकळे असेल, हा प्रश्न उरतोच.

म्हणून ‘महिलांनी अमक्या पक्षाला जिंकवले’ असे कुणी म्हटले, तर हा आकडा आयोगाचा की सर्वेक्षणाचा, हे आधी विचारावे. महाराष्ट्रात २०१९ च्या विधानसभेला महिलांचे मतदान सुमारे ५९ टक्के होते, २०२४ ला ते सुमारे ६५ टक्के झाले. पण पुरुषांचेही वाढून जवळपास ६७ टक्क्यांवर गेले. म्हणजे इतक्या वाढीनंतरही आपल्या राज्यात महिलांची टक्केवारी पुरुषांपेक्षा थोडी कमीच आहे. या आकड्यांवरून कोणत्या बाईने कोणते बटण दाबले हे कळत नाही. पैसे मिळाले म्हणून दिले, की महागाईत घर चालवताना ते पैसे खरेच उपयोगी पडले म्हणून दिले, हे तर मुळीच कळत नाही. पुरुष शेतकऱ्याने कर्जमाफी पाहून मत दिले तर आपण त्याला हिशेबी म्हणतो. बाईने योजना पाहून मत दिले की ‘विकलं’ म्हणतो. हा फरक संशोधनातून आलेला नाही, तो आपल्या मनात आहे.

सोळा टक्क्यांची दरी कशी मिटली

१९३५ च्या कायद्यात मताचा अधिकार मालमत्ता आणि शिक्षणाशी बांधलेला होता. अनेक स्त्रियांना तो नवऱ्याच्या मालमत्तेवरून मिळत होता. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याच्या बायकोने काय करायचे? बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. संविधानाच्या कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला तो अधिकार दिला.

कागदावर अधिकार आला तरी यादीत नाव यायला वेळ लागला. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख महिलांची नावे मतदार यादीतून वगळावी लागली, कारण त्यांची नोंद ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी झाली होती. १९६२ च्या लोकसभेत पुरुषांचे मतदान सुमारे ६३ टक्के होते, तर महिलांचे ४७ टक्क्यांच्या आत. २०१४ मध्ये ही दरी दीड टक्क्यावर आली. २०१९ मध्ये महिला पहिल्यांदा पुरुषांच्या किंचित पुढे गेल्या आणि २०२४ मध्येही पुढे राहिल्या.

मुदित कपूर आणि शमिका रवी यांनी १६ राज्यांतील निवडणुकांचा अभ्यास करून दाखवले की, १९६० च्या दशकात दर हजार पुरुष मतदारांमागे ७१५ स्त्रिया मत देत होत्या. २००० च्या दशकात हा आकडा ८८३ झाला. त्यांनी याला मूक क्रांती म्हटले.

पण एक खाचखळगा लक्षात ठेवावा. टक्केवारी यादीत नाव असलेल्यांची निघते. २०२४ च्या सुरुवातीला यादीतच दर हजार पुरुषांमागे ९४८ स्त्रिया होत्या. लग्नानंतर माहेरचे नाव कटते आणि सासरचे लागत नाही, हे वस्तीत आपण रोज पाहतो. अशा बाईला कुठल्याच टक्केवारीत जागा नसते. उलट बिहारसारख्या राज्यात २०२० च्या विधानसभेत महिलांची टक्केवारी पुरुषांपेक्षा जवळपास पाचने जास्त होती. तिथे कामासाठी बाहेर गेलेले पुरुष मतदानाला परतत नाहीत, हेही त्याचे एक कारण आहे.

बायका एकगठ्ठा मत देतात का?

मॉरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाचा युनेस्कोसाठी केलेला अभ्यास १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातील काही देशांत स्त्रिया पुरुषांपेक्षा कमी मतदान करतात आणि नवरा-बायकोचे मत बहुधा सारखेच असते, असे त्यांनी नोंदवले. पुढे अमेरिकेत १९८० च्या निवडणुकीपासून स्त्रिया आणि पुरुषांचे कल वेगळे दिसू लागले आणि ‘जेंडर गॅप’ हा शब्द रूढ झाला. पण त्याच अमेरिकेत २०२० च्या एक्झिट पोलमध्ये ९० टक्के किंवा त्याहून जास्त कृष्णवर्णीय स्त्रियांनी डेमोक्रॅटिक पक्षाला मत दिल्याचे दिसले, तर निम्म्याहून अधिक गोऱ्या स्त्रिया ट्रम्प यांच्या बाजूने होत्या. दोघीही स्त्रियाच, पण मत वंशाच्या रेषेवर फाटले.

आपल्याकडे पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राच्या अभ्यासक राजेश्वरी देशपांडे यांनी सर्वेक्षणांच्या आधारे हेच मांडले आहे. महिलांचा असा वेगळा एकसंध मतदारवर्ग दिसत नाही. जात आणि वर्ग स्त्रियांच्या मतातही बोलतात. म्हणून बौद्ध बाईचे मत समजून घ्यायचे तर तिला फक्त ‘महिला’ किंवा फक्त ‘बौद्ध’ या एकाच खान्यात टाकून चालणार नाही.

मतदानानंतरची शांतता

सोलेदाद प्रिलामन या संशोधिकेने मध्य प्रदेशातील गावांत अभ्यास केला. मतदानात स्त्रिया पुरुषांच्या जवळपास बरोबरीला होत्या. पण ग्रामसभेला जाणे, सरपंचाला भेटणे, अर्ज करणे यात त्या फार मागे होत्या. घर हेच राजकारणाचे एकक असते आणि घराच्या वतीने पुरुष बोलतो. बचत गटात असलेल्या स्त्रिया मात्र या बाबतीत स्पष्टपणे पुढे होत्या. घराबाहेर, आपसात बोलायला जागा मिळाली की बाई सार्वजनिक प्रश्नावर बोलते, एकत्र जाऊन मागणी करते.

सत्तेत बाई आली की काय बदलते, हे राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर डुफ्लो यांनी २००४ मध्ये दाखवले. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात जिथे सरपंचपद महिलांसाठी राखीव होते, तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झाले. गावातील स्त्रियांची तक्रारही पाण्याचीच होती.

राखीव जागा आणि आपला प्रश्न

मुंबई महापालिकेवरचा रिखिल भावनानी यांचा अभ्यास प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावा. १९९७ मध्ये काही वॉर्ड चिठ्ठी पद्धतीने महिलांसाठी राखीव झाले. २००२ मध्ये त्यातील जे खुले झाले, तिथे महिला निवडून येण्याची शक्यता कधी राखीव नसलेल्या वॉर्डांच्या जवळपास पाचपट होती. एकदा संधी मिळाली की बाई निवडणूक लढवायला शिकते आणि बाई जिंकू शकते हे पक्षालाही कळते.

याच संशोधकाने नंतर अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या विधानसभा मतदारसंघांचा अभ्यास केला. पुनर्रचनेत आरक्षण उठल्यावर तिथे अनुसूचित जातीचे उमेदवार निवडून येणे टिकले नाही. आरक्षणाने उघडलेले दार एका ठिकाणी थोडे उघडे राहिले, दुसऱ्या ठिकाणी लगेच बंद झाले. जातीची भिंत किती जाड आहे हे यावरून दिसते.

तिसरा अभ्यास फ्रान्सेस्का येन्सेनियस यांचा. १९६१ ते २०१५ या काळातील राज्यांच्या निवडणुका पाहून त्यांनी दाखवले की, महिलांना तिकीट देण्याचा दबाव आला की पक्षांचा कल अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांवर महिला उभ्या करण्याकडे असतो. खुल्या जागांवरचे बलदंड पुरुष हलवायचे नसतात. मग महिलांचा कोटा सर्वांत कमी ताकदीच्या पुरुषाच्या जागेवर भरला जातो.

याचा अर्थ दलित स्त्रीने मागे सरावे असा होत नाही. तिची जागा हक्काची आहे. पण खुल्या जागेवर बौद्ध स्त्रीला किंवा पुरुषाला तिकीट का नाही, हा प्रश्न आपण प्रत्येक पक्षाला विचारला पाहिजे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीत अनुसूचित जातींच्या राखीव जागांपैकीही एक तृतीयांश जागा त्याच समाजातील महिलांसाठी आहेत. जनगणना आणि पुनर्रचनेनंतर ती लागू होईल. तेव्हा ऐनवेळी कुणाची तरी बायको शोधण्यापेक्षा आजच कार्यकर्त्या घडवाव्या लागतील. २८८ आमदारांच्या सभागृहात २०२४ ला फक्त २१ महिला निवडून आल्या, हे विसरून चालणार नाही.

सुरुवात छोटी असू शकते. वस्तीत नव्याने आलेल्या सुनांची नावे फॉर्म भरून यादीत घेणे. बुथ समितीत निम्म्या महिला, आणि त्याही फक्त स्लिपा वाटायला नाहीत. उमेदवारासोबतची बैठक महिलांना कामावरून परतता येईल अशा वेळी.

आम्ही पुढच्या रविवारी त्या ताईंना पुढे बसवले आणि वस्तीच्या मागण्यांची यादी वाचून दाखवली. यादीत कमान होती, सभागृह होते, रस्ता होता. त्या म्हणाल्या, "नळाला पाणी रात्री दोनला येतं, ते लिहिलंच नाही." यादी तयार करणारे आम्ही सगळे त्या वेळी झोपलेले असतो.