आल्प्समधील सरोवर-प्रदेशाचे दोन पर्यटन-हंगाम : वरच्या एंगाडिन खोऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

आल्प्समधील पर्यटनाची चर्चा बहुधा हिमशिखरांभोवती फिरते. सरोवरांचा उल्लेख दृश्याचा एक भाग म्हणून येतो. स्वित्झर्लंडच्या आग्नेयेस, ग्राउब्युंडन कँटनमधील वरच्या एंगाडिन खोऱ्यात मात्र पर्यटनव्यवसायाचा मोठा भाग सरोवरांवरच उभा आहे. सिल्स, सिल्वाप्लाना आणि सेंट मॉरिट्झ ही येथील तीन प्रमुख सरोवरे १,७६८ ते १,७९७ मीटर उंचीवर आहेत. उन्हाळ्यात ती पाणी असतात, हिवाळ्यात जमीन. या दुहेरी उपयोगामागील नैसर्गिक व मानवी कारणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उन्हाळा : पाणी आणि वारा

या खोऱ्यात लोक प्रथम उन्हाळ्यातच येत असत. सेंट मॉरिट्झच्या खनिज-झऱ्याची ख्याती जुनी आहे. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने त्याची प्रशंसा केली होती. तत्त्वचिंतक नीत्शे १८८१ मध्ये आणि पुढे १८८३ ते १८८८ या काळात दर उन्हाळ्यात सिल्स-मारिया येथे राहिला. आजचा पर्यटक सरोवराकाठी पायी हिंडतो वा शिडाच्या फळीवर स्वार होऊन पाण्यावर जातो. या दुसऱ्या छंदाचे कारण भूगोलात आहे.

डोंगराळ खोऱ्यात दिवसा वारा सामान्यतः खालून वर, म्हणजे खोऱ्याच्या मुखाकडून माथ्याकडे वाहतो. एंगाडिनमध्ये नेमके उलटे घडते. खोऱ्याच्या वरच्या टोकाला डोंगराची भिंतच नाही. १,८१५ मीटर उंचीची मालोया खिंड सिल्स सरोवराच्या पातळीहून जेमतेम १८ मीटर वर आहे. खिंडीपलीकडे ब्रेगाल्या खोरे एकदम खोल उतरते. उन्हाने तापलेल्या त्या खोऱ्यातून वर चढणारी हवा खिंड ओलांडून एंगाडिनमध्ये शिरते आणि येथील मूळ वाऱ्यावर मात करते. निरभ्र दिवशी दुपारच्या सुमारास हा ‘मालोया वारा’ सुरू होतो. सिल्वाप्लानाचे शिडवाले त्याचीच वाट पाहत असतात.

हिवाळा : घडवलेला हंगाम

हिवाळी हंगाम मात्र निसर्गाने आयता दिलेला नाही. १८६४ मध्ये हॉटेलमालक योहानेस बाद्रुट याने इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली आणि त्यांना हिवाळ्यात बोलावले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्यात दंतकथेचा अंश बराच असावा. परंतु त्याच सुमारास दावोस येथे क्षयरोग्यांसाठी हिवाळी वास्तव्याची प्रथा सुरू झाली, हे लक्षात घेता हा बदल एका माणसाच्या पैजेपुरता नव्हता. १९०४ मध्ये आल्बुला रेल्वेमार्ग सेंट मॉरिट्झपर्यंत पोहोचला. १९०७ पासून गोठलेल्या सरोवरावर घोड्यांच्या शर्यती भरू लागल्या, १९२८ व १९४८ मध्ये हिवाळी ऑलिंपिक झाले आणि १९६९ पासून सरोवरांच्या बर्फावरून जाणारी स्की-मॅरेथॉन सुरू झाली.

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक घन असते. म्हणून संपूर्ण सरोवर त्या तापमानाला आल्यावाचून पृष्ठभाग गोठत नाही. गोठल्यावर लवकर हिमवर्षाव झाला, तर तो हिमथर पांघरुणासारखे काम करतो व खालचा बर्फ जाड होऊ देत नाही. म्हणजे हिवाळी पर्यटनाला हवे असलेले हिमच सरोवराच्या बर्फाला मारक ठरते! शर्यतीच्या मार्गावरील हिम म्हणूनच दाबून घट्ट करावे लागते. २६ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्फाच्या भेगेतून वर आलेल्या पाण्यामुळे धावते घोडे कोसळले, एक घोडा दगावला आणि उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. सेंट मॉरिट्झ सरोवराचा बर्फ फुटण्याच्या तारखांची नोंद १८३२ पासून उपलब्ध आहे. पाहुण्यांना हे कुतूहल वाटेल. हॉटेलचालकाला तो हंगामाच्या भवितव्याचा हिशेब आहे.

सरोवर कोणाचे?

सिल्स सरोवर आज आहे त्या रूपात उरले, यामागेही संघर्ष आहे. वीजनिर्मितीसाठी त्याचा साठवण-जलाशय करण्याची योजना होती. ती रोखण्यासाठी १९४६ मध्ये देशभर चॉकलेटची नाणी विकून निधी उभारण्यात आला व सरोवर वाचले. वाचलेल्या सौंदर्याची किंमत पुढे स्थानिकांनाच वेगळ्या प्रकारे मोजावी लागली. धनिकांच्या सुटीच्या घरांमुळे तेथे काम करणाऱ्यांना निवारा मिळणे कठीण झाले. ११ मार्च २०१२ च्या सार्वमताने अशा दुय्यम घरांवर गावातील एकूण घरांच्या २० टक्क्यांची मर्यादा घातली. पण वरच्या एंगाडिनमधील अनेक गावांनी ती आधीच कितीतरी ओलांडली होती.

महाराष्ट्रातील कुटुंबांच्या दृष्टीने येथे एक व्यावहारिक अडचण आहे. शाळांची सुटी मे महिन्यात असते आणि एंगाडिनमध्ये तो दोन हंगामांमधला रिकामा काळ होय. सरोवरावरचा बर्फ तेव्हा फुटत वा वितळत असतो. त्यावरून चालता येत नाही आणि पाण्यात शीडही घालता येत नाही. अनेक हॉटेले जूनच्या मध्यापर्यंत बंदच असतात.