रहस्यकथा : वाचायची की ऐकायची?

मागच्या रांगेत आवाज पोचतोय ना? बरं.

आज अर्नाळकरांवर बोलणार म्हटल्यावर एक जुने सहकारी म्हणाले, "सर, जन्मभर कांट शिकवला आणि आता काळा पहाड?" म्हटलं, अहो, काळा पहाडच आधीचा. कांट नंतर आला.

बाबुराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. धनंजय-छोटू, झुंजार, काळा पहाड. पुस्तकं पातळ, कागद स्वस्त. पोरं ती भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचत. आमच्या गुलमंडीजवळच्या वाड्यात मात्र लपवायची सोय नव्हती, कारण ती आजीलाच हवी असायची आणि तिला अक्षरओळख नव्हती. चुलतभाऊ चाळीसच्या बल्बखाली मोठ्यानं वाचायचा. झुंजारवर पिस्तूल रोखलं गेलं की पुस्तक मिटून म्हणायचा, "आधी चहा." आजी शिव्या देत उठायची, पण उठायची!

आता हे बघा. वाचणाऱ्याला शेवटचं पान उलटून बघता येतं, ऐकणाऱ्याला नाही. संत ऑगस्टीननं 'कन्फेशन्स'मध्ये काळाचा विचार करताना पाठ असलेल्या स्तोत्राचं उदाहरण घेतलंय. म्हणायला लागण्यापूर्वी ते सगळं अपेक्षेत असतं, म्हणत जावं तसं स्मृतीत जमा होतं. पण ते स्तोत्र पाठ आहे. रहस्यकथेत अपेक्षा असते आणि कशाची, ते ठाऊक नसतं. त्यातून किल्ली दुसऱ्याच्या हातात.

नारायण धारपांचं तंत्र निराळं. साधं घर, साधी माणसं, आणि काहीतरी किंचित चुकलेलं. २०१८च्या 'तुंबाड'मुळे त्यांचं नाव नव्या पोरांना कळलं. धारप, मतकरी, सुहास शिरवळकर आता फोनवर ऐकायला मिळतात. उत्तम आहे. तक्रार एकच. 'दार करकरलं' असं वाक्य आलं की काही ठिकाणी मागे खरंच दार करकरतं. आजीला त्या वाक्याला आमच्या माजघराचं दार दिसायचं. तयार आवाजातलं दार कुणाच्याच घरचं नसतं. मिरासदार, शंकर पाटील, माडगूळकर कथाकथन करायचे तेव्हा समोर फक्त माईक असायचा. तेवढ्यावर सभागृह हलायचं.

हे सगळं मला उशिरा सुचलं. कॉलेजच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं निवडणाऱ्या समितीत मी बरीच वर्षं होतो. अर्नाळकरांचं एकही पुस्तक यादीत घातलं नाही. एका विद्यार्थ्यानं रहस्यकथेतल्या कार्यकारणभावावर निबंध लिहू का विचारलं, तर मी हसलो. तो नंतर वर्गात फारसा बोलला नाही. आता काचबिंदूमुळे माझं वाचन थांबलंय, नात फोन लावून देते तेव्हा धारप ऐकतो. अर्नाळकरांची ती पातळ पुस्तकं मात्र हातात घेतली की कडेनं तुटतात.

तर कुणाच्या माळ्यावर असली तर रद्दीत घालू नका. पुढच्या वेळी घेऊन या. वाचायला नात तयार आहे, फक्त चष्मा तिचाही जाड आहे, तेव्हा ठळक छपाईचं आधी आणा.