जांघेतील गाठ काय सांगते?

सातारा-सांगलीच्या रानात जोंधळ्याचे धसकट पायात घुसून जखम चिघळली, की जांघेत दुखरी गाठ येते. ‘अवधाण आले’ असे आपण म्हणतो. जखम पायाला, मग गाठ जांघेत का? कारण पायातून येणारा लसीका हा द्रव जांघेतील ग्रंथींमधून गाळला जातो. जंतू तेथे अडतात आणि ग्रंथी सुजतात. जखम बरी झाली की सूज बहुधा ओसरते.

बाह्य जननेंद्रियांची लसीकाही याच ग्रंथींकडे येते. म्हणून मूत्रमार्गाच्या, म्हणजे मूत्राशयातून लघवी बाहेर नेणाऱ्या नळीच्या कर्करोगात डॉक्टर जांघ चाचपून पाहतात. हा रोग फार विरळा. लघवीची धार बारीक होणे, रक्त जाणे ही त्याची लक्षणे.

तपासणीत काय आढळते? लघवी तुंबली असेल, तर फुगलेले मूत्राशय ओटीपोटात हाताला लागते. पुरुषांत ही नळी सुमारे २० सेंटिमीटर लांब असते. शिश्नाच्या खालच्या बाजूने गुदद्वाराच्या दिशेने बोटे फिरवली, की एखादी टणक गाठ लागते. कधी तेथे गळू होते, कधी छिद्र पडून लघवी झिरपते. स्त्रियांत नळी जेमतेम ४ सेंटिमीटर. तिच्या तोंडाशी मांसल वाढ दिसते किंवा योनीच्या पुढच्या भिंतीतून कठीणपणा जाणवतो.

शिश्नाच्या कर्करोगात जांघेतील गाठ पुष्कळदा केवळ जंतुसंसर्गाची निघते. मूत्रमार्गाच्या कर्करोगात मात्र हाताला लागणारी गाठ बहुतेक वेळा रोग पसरल्याचीच खूण असते. उलट, जांघ मोकळी म्हणजे धोका नाही, असेही नाही. नळीच्या आतल्या भागाची लसीका कटिपोकळीतील ग्रंथींकडे जाते. तेथे बोट पोचत नाही, स्कॅनच करावा लागतो. पक्के निदान होते ते दुर्बिणीतून घेतलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच.

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उघडले. आज मिरज आणि कराड या दोन्ही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तपासणी दूर नाही, आड येतो तो संकोच. दुखरी गाठ माणसाला दवाखान्यात नेते, न दुखणारी मात्र अंगावर काढली जाते. उत्सर्जन संस्थेचा पाठ शिकवताना आपण शिक्षकांनी एवढे तरी सांगावे: लघवीतून रक्त गेले किंवा जांघेतील गाठ दोन-तीन आठवड्यांत जिरली नाही, तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा.