सी भाषेत हिशोब लिहिताना होणाऱ्या पाच चुका

व्यापारी व कारागीर बांधवांची अनेक मुले डिप्लोमा, बीसीए करताना सी भाषा शिकतात आणि सराव म्हणून दुकानाच्या बिलाचा प्रोग्राम लिहितात. प्रोग्राम चालतो, आकडाही छापला जातो. पण तो बरोबर आहे का, हे पाहायचे कोणी? डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये तयार केलेली ही भाषा फारशी विचारपूस करीत नाही. चुकीचे लिहिले तर मुकाट्याने चुकीचे उत्तर देते. नुकसान मात्र गल्ल्याचे होते.

व्हेरिएबल म्हणजे संगणकाच्या मेमरीतील नाव दिलेला कप्पा. नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका अशा :

१) कप्पा रिकामा समजणे. फंक्शनमधील साधा कप्पा आपोआप शून्य होत नाही. त्यात जुने काहीही पडलेले असते. बिलांची बेरीज सुरू करण्यापूर्वी 'एकूण' शून्य करावे.

२) कप्पा लहान घेणे. जुन्या टर्बो सीमध्ये 'इंट' ३२,७६७ पर्यंतच जाई. आज बहुतेक ठिकाणी मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. हिशोब पैशांत ठेवला तर ती सुमारे २ कोटी १४ लाख रुपयांवर संपते. उलाढाल मोठी असल्यास 'लाँग लाँग' घ्यावा.

३) पूर्णांकांचा भागाकार. सीमध्ये ५ / १०० चे उत्तर शून्य येते, म्हणून ५ टक्के सूटही शून्य! आधी रकमेला ५ ने गुणावे, मग १०० ने भागावे.

४) रुपयांसाठी 'फ्लोट'. त्यात सुमारे सातच अंक अचूक राहतात. १,६७,७७,२१७ ठेवले तर १,६७,७७,२१६ निघतात. दहा पैसेही तंतोतंत बसत नाहीत. रक्कम पूर्ण पैशांत ठेवावी.

५) एका बरोबरच्या चिन्हाची चूक. 'इफ (उधारी = ०)' लिहिले तर उधारी शून्य आहे का, हे तपासले जात नाही; उधारी शून्य केली जाते. गिऱ्हाइकाची बाकी साफ! तुलनेसाठी == लिहावे.

कंपायलरचे सर्व इशारे चालू ठेवावेत. पहिली व पाचवी चूक बहुधा तिथेच सापडते. आम्ही कापडवाले तागा मोजल्याशिवाय पावती फाडत नाही. तसेच जुन्या दहा पावत्या आणि एक मोठ्यात मोठी रक्कम प्रोग्राममध्ये घालून पाहावी. वहीशी पैसा न् पैसा जुळला, तरच तो दुकानात वापरावा.