अनुभव हीच ओळखचिठ्ठी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

"संपादकाशी ओळख नाही, मग आपलं कोण छापणार?" असं मला नेहमी कुणी ना कुणी विचारतं. विचारणारे कधी निवृत्त शिक्षक असतात, कधी परिचारिका, कधी बँकेतले कारकून. माझीही कुणाशी ओळख नव्हती. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि आजूबाजूला सुटे भाग करणारे कितीतरी छोटे कारखाने उभे राहिले. अशाच एका कारखान्यात मी माल तपासायचं काम करत होतो. एकोणीस वर्षं तीन पाळ्यांत काढली. आता मुक्त लेखन करतो.

"मला लेखनाची आवड आहे, कृपया संधी द्यावी," असं पत्र आलं तर संपादकाने करायचं काय? आवड कुणाला नसते! त्याला हवा असतो विषय, आणि तो याच माणसाने का लिहावा, याचं उत्तर. माझं पहिलं पत्र साधारण असं होतं : "मी एकोणीस वर्षे पाळीत काम केले आहे. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला दिवसा झोप मिळावी म्हणून दोन खोल्यांच्या घरात काय काय करावे लागते, यावर आठशे शब्दांचा लेख देऊ शकतो. पहिला परिच्छेद सोबत जोडला आहे." त्या परिच्छेदात शिट्टी नको म्हणून पातेल्यात शिजवलेली डाळ होती, कडी वाजू नये म्हणून तिला गुंडाळलेलं फडकं होतं आणि भर उन्हात शेजारी पाठवलेली मुलं होती. आठ दिवसांत होकार आला.

पाळीचं वेळापत्रक मला कारखान्याने शिकवलं, फडकं घराने दाखवलं. दोन्ही एकत्र आले म्हणून लेख झाला. पैठणीच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्याने पैठणीचा इतिहास लिहायला घेऊ नये, तो ग्रंथालयात मिळतो. लग्नाच्या खरेदीला आलेल्या कुटुंबात किंमत कोण विचारतं आणि पैसे कोण मोजतं, हे मात्र त्यालाच ठाऊक!

मराठीत ही वाट जुनी आहे. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला होते, अनिल अवचट शिक्षणाने डॉक्टर. आपल्या शहरात गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवलं आणि ज्यांच्या जगण्याला तोवर साहित्यात जागा नव्हती, अशा अनेकांना लिहितं केलं. प्राध्यापक प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली आलं. त्यातलं सांगण्याजोगं सारं त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातलं आहे.

पण अनुभव एकट्याचा नसतो, ही खरी अडचण. लेख पाठवण्याआधी मी तो सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाकी असू द्या, माझ्या आजारपणाचं नको." ते वाक्य चांगलं उतरलं होतं, तरी काढलं. कारखान्याचं नाव, गिऱ्हाइकांची नावं, नापास झालेला माल, हेही मी लिहीत नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याची भीती म्हणून नव्हे. ती माहिती कामापुरती माझ्या हाती दिलेली होती.

आता पैशाचं. मराठी माणूस इथे उगाच लाजतो. होकार आला की मानधन किती आणि कधी, हे लगेच विचारावं. एका साप्ताहिकाने माझे तीन लेख छापले आणि मानधनाऐवजी अंक पाठवले. चौथा लेख मी दुसरीकडे दिला. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक साधारणपणे तो स्वतःच असतो. हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून सही करण्यापूर्वी कागद पूर्ण वाचावा.

दिवाळी अंकांची परंपरा १९०९च्या 'मनोरंजन'पासून चालत आली आहे. तिथे लिहायचं असेल तर पत्र उन्हाळ्यातच टाकावं. गणपतीत पाठवलेलं पत्र बहुधा पुढच्या वर्षासाठीच वाचलं जातं.