एका कंपनीचा व्हीआर गेम दुसऱ्या कंपनीच्या हेडसेटवर चालतो का? जाणून घ्या सोप्या भाषेत

तुम्ही फोन बदलता तेव्हा काय करता? नव्या फोनमध्ये जीमेल टाकता, प्ले स्टोअर उघडता आणि जुने अ‍ॅप्स परत डाउनलोड करता. पैसे देऊन घेतलेला गेमही परत मिळतो. फोन शाओमीचा असो की सॅमसंगचा, फरक पडत नाही. पण उद्या अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला तर? प्ले स्टोअरवर घेतलेला गेम तिथे आपोआप येत नाही. बहुतेक वेळा पुन्हा पैसे मोजावे लागतात.

व्हीआरमध्ये हाच प्रश्न आणखी मोठा आहे, कारण हेडसेट महाग आणि गेमही महाग. आज एका कंपनीचा हेडसेट घेतला, दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीचा घेतला, तर मधल्या काळात घेतलेल्या गेम्सचं काय होणार? हेडसेट घ्यायचा विचार असेल, तर हे आधीच समजून घेतलेलं बरं.

गेम अडतो नेमका कुठे?

पीसीवर व्हीआर गेम खेळताना तीन गोष्टी एकत्र काम करतात.

१. हेडसेट: डोळ्यांवर लावायचं यंत्र आणि हातातले कंट्रोलर.
२. रनटाइम: गेम आणि हेडसेट यांच्यामधलं सॉफ्टवेअर. तुमचं डोकं कुठे वळलंय, कोणतं बटण दाबलंय हे रनटाइम गेमला सांगतो. गेमने तयार केलेली दोन चित्रं, प्रत्येक डोळ्यासाठी एक, तो लेन्सच्या आकारानुसार दुरुस्त करून हेडसेटवर दाखवतो.
३. स्टोअर: जिथून तुम्ही गेम विकत घेतला ते दुकान.

गोची रनटाइमपाशी होते. मेटाचा रनटाइम वेगळा, वॉल्व्ह कंपनीचा स्टीमव्हीआर वेगळा. प्रत्येकाची गेमशी बोलायची स्वतःची भाषा होती. ज्या भाषेत गेम लिहिला, तीच भाषा येणाऱ्या हेडसेटवर तो चालायचा. म्हणजे हेडसेटमध्ये ताकद असूनही केवळ भाषा कळत नाही म्हणून गेम बंद!

२०१६ चा किस्सा: रिव्हाइव्ह

२०१६ च्या मार्च-एप्रिलमध्ये दोन मोठे हेडसेट पाठोपाठ बाजारात आले: फेसबुकच्या मालकीच्या ओक्युलसचा रिफ्ट आणि एचटीसीचा व्हाइव्ह. व्हाइव्ह चालायचा वॉल्व्हच्या स्टीमव्हीआरवर. स्टीमवरचे गेम रिफ्टवरही चालायचे, पण ओक्युलस स्टोअरचे गेम व्हाइव्हवर चालत नव्हते. तिथे अट होती की हेडसेट आमचाच हवा.

थोड्याच दिवसांत एका प्रोग्रामरने रिव्हाइव्ह नावाचं मोफत सॉफ्टवेअर काढलं. व्हाइव्हवाले ओक्युलस स्टोअरवरून रीतसर पैसे देऊन गेम घ्यायचे आणि रिव्हाइव्ह लावून खेळायचे.

मे २०१६ मध्ये ओक्युलसने अपडेट आणला. गेम सुरू होताना खरंच रिफ्ट जोडलेला आहे का, हे त्यात तपासलं जाऊ लागलं. रिव्हाइव्ह बंद पडलं. मग रिव्हाइव्हने उत्तर म्हणून गेम विकत घेतलाय की नाही, ही तपासणीच टाळणारा मार्ग काढला. म्हणजे चोरी रोखण्यासाठी लावलेलं कुलूपच तुटलं आणि नुकसान गेम बनवणाऱ्यांचं होण्याची वेळ आली. ग्राहकही चांगलेच चिडले होते. शेवटी जून २०१६ मध्ये ओक्युलसने हेडसेटची तपासणी काढून टाकली आणि रिव्हाइव्हनेही कुलूप तोडणारा भाग काढला.

यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. ‘गेम विकत घेतलाय का?’ आणि ‘हेडसेट आमचाच आहे का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला विचारणं रास्त आहे. दुसरा विचारला की पैसे भरलेला माणूसही दाराबाहेर राहतो.

दुभाषा काम कसा करतो?

रिव्हाइव्हसारख्या सॉफ्टवेअरला दुभाषा समजा. गेम ओक्युलसच्या भाषेत विचारतो, “डोकं कुठे आहे?” दुभाषा तो प्रश्न स्टीमव्हीआरच्या भाषेत पुढे पाठवतो आणि आलेलं उत्तर परत ओक्युलसच्या भाषेत गेमला देतो. गेमला वाटतं, समोर रिफ्टच आहे. गेमच्या आतल्या कोडला हात लावावा लागत नाही.

पण दुभाष्याच्याही मर्यादा असतात.

* वेळ: सेकंदाला ९० चित्रं दाखवायची तर एका चित्राला जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात. भाषांतरात वेळ गेला आणि पीसी आधीच धापा टाकत असेल, तर चित्र अडखळतं. फोनवर गेम अडखळला तर नुसती चिडचिड होते, व्हीआरमध्ये मळमळायला लागतं.
* बटणं: ओक्युलसच्या टच कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायची काडी होती, व्हाइव्हच्या कंट्रोलरवर तिच्या जागी गोल टचपॅड. गेम चालायचा, पण हात सरावायला वेळ लागायचा.
* अपडेट: कंपनीने काही बदललं की दुभाष्यालाही बदलावं लागतं. तोवर गेम बंद.

मग आलं ओपनएक्सआर

पूर्वी प्रत्येक मोबाइलचा चार्जर वेगळा असायचा, आठवतं? आता बहुतेक ठिकाणी टाइप-सी. व्हीआरमध्ये तेच काम ओपनएक्सआर करतं. ख्रोनोस ग्रुप या संघटनेने जुलै २०१९ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती जाहीर केली. मेटा, वॉल्व्ह, मायक्रोसॉफ्ट, एचटीसी अशा कंपन्यांनी ते स्वीकारलं. गुगलच्या अँड्रॉइड एक्सआरमध्येही ते आहे. गेम एकदा ओपनएक्सआरच्या भाषेत लिहिला, की दुभाष्याची गरज राहत नाही.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ओपनएक्सआर भाषेचा प्रश्न सोडवतं, दुकानाचा नाही. मेटाच्या स्टोअरवर घेतलेला गेम स्टीमच्या लायब्ररीत दिसणार नाही. दोन, जुने गेम अजून जुन्याच भाषेत आहेत. स्टीमव्हीआरसाठी लिहिलेले जुने गेम थेट ओपनएक्सआरवर चालवण्यासाठी ओपनकंपोझिट नावाचा मोफत दुभाषा आहे. मधला स्टीमव्हीआरचा थर वाचल्यामुळे कमी ताकदीच्या पीसीवर फायदा होऊ शकतो, मात्र प्रत्येक गेम त्यावर चालेलच असं नाही.

मेटा क्वेस्टवर पीसीचे गेम कसे खेळायचे?

क्वेस्टच्या आत अँड्रॉइडवर बेतलेली सिस्टम आणि मोबाइलसारखाच प्रोसेसर असतो. त्यामुळे ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’सारखा पीसीचा गेम त्यात थेट इन्स्टॉल होत नाही. गेम चालतो पीसीवर आणि चित्र येतं हेडसेटवर. ते आणायचे मार्ग असे:

* लिंक केबल: यूएसबी केबलने हेडसेट पीसीला जोडायचा.
* एअर लिंक: मेटाचीच सोय, पण वाय-फायवरून.
* स्टीम लिंक: वॉल्व्हचं मोफत अ‍ॅप, २०२३ च्या शेवटी क्वेस्टवर आलं.
* व्हर्च्युअल डेस्कटॉप: विकत घ्यायचं अ‍ॅप, यात सेटिंग्ज जास्त मिळतात.

वाय-फायवर खेळणार असाल तर पीसी राउटरला लॅन केबलने जोडा आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर ठेवा. राउटर त्याच खोलीत असेल तर उत्तम. इंटरनेटचा स्पीड इथे महत्त्वाचा नाही, घरातलं नेटवर्क महत्त्वाचं.

गेम सुरूच होत नाही? हे तपासा

एका पीसीवर दोन-तीन रनटाइम असू शकतात, पण ओपनएक्सआर गेमसाठी एका वेळी एकच चालू असतो. चुकीचा निवडलेला असेल तर गेम नुसता मॉनिटरवर उघडतो किंवा लगेच बंद पडतो.

१. लिंक केबल किंवा एअर लिंकने खेळत असाल तर पीसीवरच्या मेटाच्या अ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, मग जनरल इथे जाऊन मेटाचा रनटाइम निवडा.
२. स्टीम लिंकने खेळत असाल तर स्टीमव्हीआरच्या सेटिंग्जमध्ये ओपनएक्सआर विभागात स्टीमव्हीआर निवडा.
३. लिंक वापरून स्टीमचे गेम खेळायचे असतील तर मेटाच्या अ‍ॅपमध्ये ‘अननोन सोर्सेस’ हा पर्याय चालू करा.

गेम घ्यायचा कुठून?

मायक्रोसॉफ्टचं विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. एचपी, लेनोव्हो, सॅमसंग अशा कंपन्यांचे हेडसेट त्यावर चालायचे. डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बंद करत असल्याचं सांगितलं आणि विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटमधून ते काढून टाकलं. हा अपडेट घेतला की चांगला चालता हेडसेट विंडोजच्या भरवशावर चालेनासा झाला. पण ज्यांनी गेम स्टीमवर घेतले होते, त्यांचे गेम बुडाले नाहीत. दुसरा हेडसेट जोडला की तीच लायब्ररी पुन्हा हजर.

म्हणून साधा नियम:

* चांगला पीसी आहे आणि पुढे हेडसेट बदलण्याची शक्यता आहे? मग गेम स्टीमवर घ्या.
* पीसी नाही, फक्त क्वेस्टवरच खेळायचंय? मग मेटाचं स्टोअर ठीक. मात्र हे गेम मेटाच्याच हेडसेटपुरते आहेत हे धरून चाला.
* गेम चालेल की नाही शंका आहे? स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. गेम घेतल्या घेतल्या तपासून बघा.

हेडसेट आज ना उद्या जुना होणारच. गेम मात्र आपल्याकडे राहावेत असं वाटत असेल, तर ‘पे’चं बटण दाबण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: उद्या हा हेडसेट नसेल, तर हा गेम मला कुठे खेळता येईल? तुमच्या ग्रुपमध्ये कोणी हेडसेट घ्यायच्या तयारीत असेल, तर त्यालाही हे आधीच सांगून ठेवा.